दादाची दाढ

माझ्या थोरल्या भावाची दाढ दुखतेय हे आम्हाला कळायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आम्ही त्याला हट्टी म्हणून रागावलो, माजला म्हणून रागावलो, आणि शेवटी कुणाची तरी नजर लागली म्हणून त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या घराला लागला. म्हणजे दृष्ट नव्हती. मग काय होतं, हे कुणी विचारलं नाही, कारण ज्याला विचारायचं त्याला सांगता येत नव्हतं.

दादा जन्मापासून बुद्धीनं अधू होता. पुढं मी शिक्षिका झाले आणि शाळेच्या कागदांवर अशा मुलांसाठी बरेच सभ्य शब्द लिहिले. तेव्हा आमच्या गावात एकच शब्द होता, खुळं. कुणी तो रागानं म्हणायचं, कुणी मायेनं. दादा तेव्हा एकवीस वर्षांचा होता, मी अठराची. अंगानं रेड्यासारखा, आणि बोलायला सगळे मिळून दहा-बारा शब्द. आईला 'आय', पाण्याला 'पा', आणि जे जे आवडेल त्या सगळ्याला 'गोड'. शेळी गोड, ऊन गोड, कुणी शिंकलं की ते तर फारच गोड. पोट धरून हसायचा. समोरचा माणूस चिडला तरी याचं हसणं थांबत नसे. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्याशिवाय करमायचंही नाही.

गाव तिसगावपासून चार मैलांवर. बहात्तरचा दुष्काळ होता. आबा, म्हणजे आमचे वडील, आणि आई दोघंही रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. दादाला सांभाळणं आणि टँकरचं पाणी भरणं ही माझी कामं. टँकर विहिरीत रिता झाला की बाया कळशा घेऊन तुटून पडायच्या, आणि दादा काठावर उभा राहून आमचा पोहरा असा सरसर ओढायचा की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. पाण्याच्या वेळी तो कुणालाच खुळा वाटत नसे. बायाच म्हणायच्या, माझाबी एक पोहरा वढ रं बाबा.

त्या दिवसांत तो पाण्यावर यायचाही बंद झाला. भाकरी हातात घेऊन बसायचा, चुरगळायचा, टाकून द्यायचा. दिवसभर उजव्या गालावर पंजानं थापट्या मारत राहायचा. मग एका सकाळी मला त्याच्या तोंडाचा वास आला. मी त्याला उन्हात बसवलं, पाठीमागून त्याचं डोकं माझ्या पोटाशी घेतलं आणि गाणं म्हणत म्हणत बोट आत घातलं. खालची शेवटची दाढ काळी, पोखरलेली. हिरडी फुगलेली आणि पू वाहत होता. तो मला चावला नाही. माझ्या बोटाकडं तसंच तोंड उघडं ठेवून बघत राहिला, एवढ्या दिवसांनी कुणीतरी योग्य ठिकाणी हात लावला म्हणून.

तिसगावच्या डॉक्टरनं लांबूनच बघितलं, कारण पांढरा कोट दिसताच दादानं टेबल उलथं केलं. डॉक्टर म्हणाले, "ही दाढ काढल्याशिवाय गत्यंतर नाही. पण शुद्धीत तो काढू देणार नाही. नगरला न्या. तिथं भूल देऊन काढतील, त्याला कळायचंसुद्धा नाही. पाच मिनिटांचं काम." मग चिठ्ठी लिहिली आणि आईला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. आदल्या रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही. आणि दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही.

आईनं दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. आदल्या संध्याकाळी तिनं घरातलं पाण्याचं पिंपसुद्धा कडी घालून आत ठेवलं. पण तिच्यापुढं एक वेगळीच अडचण होती, जी डॉक्टरला माहीत नव्हती. दादा एसटीत बसत नसे. दोनदा प्रयत्न झाला होता आणि दोन्ही वेळा कंडक्टरनं आम्हाला वाटेत उतरवलं होतं. आता दाढेनं पिसाळलेला दादा नगरपर्यंत न्यायचा कसा?

त्यावर आईजवळ उपाय होता. आमच्याकडं मूल रडत राहिलं, झोपेना, की सहाणेवर जायफळ उगाळून चाटवतात. तान्ह्याला एक वेढा, वर्षाच्या पोराला दोन. दादा लहानपणी रात्र रात्र ओरडायचा तेव्हा आईनं त्याला किती वेढे दिले असतील त्याची गणती नाही. त्या दिवशी तिनं मला सहाणेपाशी बसवलं. म्हणाली, "आता बाप्या झालाय त्यो. दोन वेढ्यानं काय हुतंय? उगाळ चांगलं." मी तासभर उगाळत होते. दोन अख्खी जायफळं संपली, तिसऱ्याला हात घातला. आईनं ते चाटण गुळात मळून बोराएवढ्या पाच गोळ्या केल्या. पाणी नको म्हणून गूळ. एवढा विचार तिनं केला होता. आणि डॉक्टरचं सांगणं मोडतोय असं तिच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. औषध म्हणजे डॉक्टरच्या कपाटातलं. जायफळ मसाल्याच्या डब्यातलं.

दोन गोळ्या तिनं पहाटे त्याला चारल्या. उरलेल्या तीन कागदात बांधून माझ्याजवळ दिल्या. "लई अवघड झालं तरच दे. आन एकच दे," असं तिनं दोनदा सांगितलं. आबा कामावर गेले. हजेरी चुकवता येत नव्हती.

एसटीत दादा बसला, पण झोप वगैरे काही नाही. खिडकीचा गज धरून कण्हत होता. आई म्हणाली, गुण दिसंना अजून. जायफळ सावकाश चढतं, चार-चार तासांनी चढतं, हे मला फार पुढं कुणी जाणत्यानं सांगितलं. आम्हाला वाटलं गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही.

नगरमधल्या त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांची चूक नव्हती. व्हरांड्यात बाकं होती, बरीच माणसं होती. आई केसपेपरच्या रांगेत गेली आणि मी दादाला घेऊन बाकावर बसले. तो बसेना. उठला, भिंतीवर गाल घासायला लागला, मग मोठ्यानं ओरडायला लागला. त्याच्या तोंडातून लाळ आणि रक्त माझ्या लुगड्यावर पडलं. लोक सरकून लांब झाले. समोर कॉलेजातली तीन-चार मुलं कुणाला तरी भेटायला आली होती. त्यातल्या एकानं दादासारखाच आवाज काढला आणि बाकीचे हसले. एकजण माझ्याकडं बघून म्हणाला, "याचं लग्न ठरलंय का?"

मला वाटलं धरणी फाटावी. मी कागद सोडला आणि एक गोळी दादाच्या तोंडात घातली. गुळामुळं त्यानं मुकाट घेतली. तो पुन्हा ओरडला, ती मुलं पुन्हा हसली, आणि मी दुसरी घातली. मग तिसरी. त्याला बरं वाटावं म्हणून नाही. त्यानं गप्प व्हावं म्हणून, त्या मुलांनी माझ्याकडं बघणं थांबवावं म्हणून. हे मी इतक्या वर्षांत घरच्या कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं सरळ लिहिते. मला माझ्या भावाची लाज वाटली.

अर्ध्या तासानं तो खरोखर शांत झाला. भिंतीला टेकून बसला, डोळे अर्धे मिटलेले. आई केसपेपर घेऊन आली आणि म्हणाली, "बग, दमला बिचारा." मी कागदाचा बोळा करून मुठीत धरला होता.

आत दातांचे डॉक्टर होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. आणि भूल द्यायला एक तरुण डॉक्टर, नुकतेच आलेले असावेत, कारण नर्स त्यांना वस्तू कुठं आहेत ते सांगत होती. त्यांनी आईला विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना यानं?"

"कालपासनं घास न्हाई का घोट न्हाई," आई म्हणाली. तिचा शब्द न् शब्द खरा होता; गुळाची गोळी तिच्या लेखी घासही नव्हती आणि घोटही नव्हता.

दादा माझा हात सोडेना, म्हणून मला आत राहू दिलं. तरुण डॉक्टर त्याच्याशी छान बोलले. "काय पैलवान, कुस्ती खेळता का?" असं विचारत दंडावर पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. दादानं हूं की चूं केलं नाही. डॉक्टरच म्हणाले, "वा, हा तर गुणी आहे." औषध निम्मं गेलं असेल-नसेल, माझ्या हातातला दादाचा हात सैल पडला. मला वाटलं, झोपला. डॉक्टरनाही तसंच वाटलं. मग त्यांनी त्याच्या छातीकडं बघितलं, सुई बाहेर ओढली आणि त्याची हनुवटी वर उचलली. छाती हलत नव्हती. ओठ आधी निळे आणि मग जांभळे झाले. कुणीतरी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

दाराच्या फटीतून मी बघत होते. तरुण डॉक्टर तोंडावर रबरी मुखवटा दाबून काळा फुगा पिळत होते. पिळायचे, सोडायचे, पुन्हा पिळायचे. आई जमिनीवर बसून देवाचं नाव घेत होती. दुपार झाली तरी ते फुगाच पिळत होते. मध्ये एकदा नर्स म्हणाली, मी घेते थोडा वेळ, तर त्यांनी मान हलवली. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

उन्हं कलल्यावर दादा आपला आपण श्वास घ्यायला लागला. पुरता जागा मात्र झाला नाही. दाढेला कुणी हात लावला नव्हता. तशी वेळच आली नाही.

तरुण डॉक्टर बाहेर आले आणि आईपुढं उकिडवे बसले. डॉक्टर असा जमिनीवर बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाले, "आई, खरं सांगा, मी रागावणार नाही. घरून काही देऊन आणलं होतं का? झोपेची गोळी, अफू, दारू, भांग? काहीही?"

आई दुखावली. "आमच्या घरात असलं काई न्हाई, साहेब. सुपारीचं खांडबी न्हाई. तुमी सांगितलं तसंच केलं."

मग ते माझ्याकडं वळले. "तू शिकलेली दिसतेस. तू सांग. काही दिलं होतं?"

माझ्या मुठीत तो कागद होता. गुळानं बोटं चिकट झाली होती. आई जे समजत नव्हती ते मला त्या घटकेला लख्ख समजलं होतं, कारण माझ्या हातात दादाचा हात सैल पडलेला मी अनुभवला होता आणि त्यानं आधी किती गोळ्या खाल्ल्या ते फक्त मला माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. "मग माझाच अंदाज चुकला असेल," ते म्हणाले. "वजनावरून औषध ठरवलं, पण अशा पेशंटची प्रकृती वेगळी असू शकते." त्यांनी केसपेपर मांडीवर घेतला, लाल शाईनं इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, खाली रेघ मारली आणि मराठीत समजावून सांगितलं. याला भूल सोसत नाही. पुन्हा कधी कुठंही नेलंत तर हा कागद आधी दाखवा. भूल देऊ नये, जिवाला धोका आहे. मग त्यांनी आईला हात जोडले. आईनं त्यांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला आणि ते झटकन मागं सरकले.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. एसटीत दादा झोपूनच होता. अर्ध्या वाटेत आईनं माझ्याकडं न बघता विचारलं, "तू किती दिल्यास?"

"एकच."

"मंग त्यानं न्हाई झालं," आई म्हणाली, आणि तिनं इतका मोठा सुस्कारा सोडला की पुढचा माणूस मागं वळून बघायला लागला. तीन दिवस ती हाच घोर जिवाला लावून बसली होती. मी तिचा घोर मिटवला. त्या एका शब्दानं माझी परत फिरायची वाटही बंद झाली, हे मला तेव्हा कळलं नाही.

गावात आबांनी डॉक्टरचा उद्धार करायचा बाकी ठेवला नाही. "नवशिका डाक्टर, पोरगंच मारलं हुतं माजं," असं ते खडीच्या कामावर येईल त्याला सांगायचे. चार दिवसांत सगळ्या पंचक्रोशीत त्या बिचाऱ्याचं नाव झालं. आईसुद्धा हळूहळू तेच बोलायला लागली. मी मूग गिळून होते. रोज ठरवायचे, आज सांगते. आबांचा मार खाईन, पण सांगते. मग दादा गुंगीतून बाहेर आला, पुन्हा गालावर थापट्या मारायला लागला, आणि सांगणं दिवसेंदिवस जड होत गेलं.

सूज डोळ्यापर्यंत चढली. दुष्काळी कामावर वाटायचे ती सरकारी सुकडीची पूड पाण्यात कालवून दिली तरच तो गिळायचा. चांगला पंधरवडा असा गेल्यावर आबांनी खडी वाहणाऱ्या ट्रकवाल्याला गळ घातली आणि आम्ही चौघं, आई, आबा, मी आणि दादा, पुन्हा नगरला गेलो. या वेळी गोळ्या नव्हत्या. आबा आणि ट्रकचा क्लीनर दोघांनी मिळून दादाला धरून ठेवलं होतं.

तरुण डॉक्टर दिसले नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात डोकावून बघितलं आणि चुकचुकले. "पू जबड्यात उतरतोय. आजच काढायला हवी." मग केसपेपर हातात घेतला. लाल ओळींवर त्यांची नजर थांबली. "भूल देता आली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं," ते म्हणाले, "आणि याला कळलंही नसतं. पण इथं स्पष्ट लिहिलंय. मी हा धोका घेऊ शकत नाही." त्यांनी मान वर केली आणि आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. "दुसरं काही सांगायचंय का कुणाला?"

कदाचित त्यांनी ते सहज विचारलं असेल. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. सात-आठ शब्दांचं. डाव्या बाजूला आबा होते, उजव्या बाजूला आई, जिला मी 'एकच' असं सांगितलं होतं.

"न्हाई साहेब," आबाच म्हणाले, "ती भूल नकोच. करा तुमी तसंच."

दोन वॉर्डबॉय आले. एकानं खांदे धरले, एकानं डोकं. आबांनी एक हात आणि छाती दाबली, दुसरा हात आईनं. डॉक्टर मला म्हणाले, "तू पाय धर. घट्ट धर, नाहीतर त्यालाच लागेल." जबड्यात लाकडी पाचर घातली. त्यांनी हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन दिलं, पण ते म्हणाले, एवढा पू असला की हे औषध लागू पडत नाही. मला आधीच सांगून ठेवलं त्यांनी.

लागू पडलं नाही. मी दादाचे दोन्ही घोटे छातीशी आवळून धरले होते, आणि प्रत्येक हिसका माझ्या बरगड्यांतून जात होता. दाढ मुळापाशी मोडली. मग एक एक मूळ वेगळं काढावं लागलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाचरीमुळं त्याला ओरडताही येत नव्हतं, नुसता घशातून आवाज. त्या आवाजात मध्ये मध्ये 'आय' होतं. आई त्याचा हात दाबून धरून म्हणत होती, "हाय रं बाळा, हाय मी हितंच." मी कोनाड्यातल्या बाटल्या मोजत होते.

दाढ निघाली. सूज आठवड्यात उतरली, दादा भाकरी खायला लागला, पाण्यावर यायला लागला. आबा म्हणाले, बघा, भुलीबिगर झालंच की. त्या दिवसापासून आमच्या घरात ते कौतुकानं सांगितलं जायचं, पोरानं भुलीबिगर दाढ काढून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात मी डी.एड.च्या प्रवेशासाठी नगरला गेले. कागद लवकर जमा झाले आणि एसटीला वेळ होता. पाय आपोआप त्या दवाखान्याकडं वळले. नर्स तीच होती. मी तरुण डॉक्टरांची चौकशी केली. ती म्हणाली, "ते गेले. एक केस झाली होती त्यांच्या हातून, खेड्यातला एक मुलगा. मग भूल द्यायलाच घाबरायला लागले. गावाकडं साधा दवाखाना काढलाय म्हणे." ती मला ओळखत नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. जायफळ, पाच गोळ्या, मी दिलेल्या तीन, कॉलेजातली मुलं, सगळं. ती हातातली पट्टी गुंडाळायची थांबली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मोठे डॉक्टर आत आहेत. त्यांना सांग. जुना केसपेपर घेऊन ये, ते ती ओळ खोडतील. त्या डॉक्टरांनाही कळवतील."

दार उघडंच होतं. आठ-दहा माणसांची रांग होती. मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढं दोनच माणसं राहिली तेव्हा मी स्वतःला सांगितलं की एसटी चुकेल. चुकली नसती. स्टँडवर मी पुढं दीड तास बसून होते.

ती ओळ कुणी खोडली नाही. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, आबा गेले, मग आई गेली. तिलाही सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, एकाच गोळीनं काय हुणार हुतं. सांगितलं असतं तर तिला काय वाटलं असतं याचा विचार मी फार केला. दादाला काय वाटत असेल याचा विचार करायला बसले की मी उठून दुसरं काम काढायचे.

दादाच्या तोंडात पुढच्या वर्षांत आणखी तीन दात किडले. आई असेपर्यंत तिनं आणि नंतर मी, तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. प्रत्येक वेळी डॉक्टरनं तो वाचला, मान हलवली आणि माणसं बोलावली. तिन्ही वेळा मी त्याच्याबरोबर गेले, कारण माझ्याशिवाय तो आवरत नाही असं सगळे म्हणायचे, आणि तिन्ही वेळा पाय मीच धरले. शेवटच्या वेळी दादाचे केस पिकायला लागले होते. खुर्चीत बसवल्यावर तो पूर्वीसारखा झगडला नाही. वॉर्डबॉयनं खांद्यावर हात ठेवायच्या आत त्यानं मला शोधलं, आणि मी वाकायच्या आधीच दोन्ही पाय उचलून माझ्या हातात दिले.